'राम' न म्हणता रामायण

'राम' असं मोठ्यानं म्हणून बघा. शेवटी ओठ मिटतात. आता ओठ न मिटता रामायण सांगायचं, अशी अट घाला. पहिल्याच पायरीला नायकाचं नाव गेलं. भरत गेला, लक्ष्मण गेला, हनुमान गेला. सीता आणि दशरथ राहिले.

ही अट मोरोपंतांनी (१७२९–१७९४) स्वतःवर घालून घेतली होती. बारामतीच्या या पंडित कवीच्या नावावर १०८ रामायणं आहेत आणि त्यातलं एक आहे 'निरोष्ठ रामायण'. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं त्यात चालत नाहीत. नियम कडक पाळला तर उ, ऊ, ओ, औ आणि वसुद्धा जातात. मग राम कसा सांगायचा? 'दाशरथी', 'सीताकांत' अशा वळणांनीच जावं लागतं.

शाळेत मोरोपंत माझ्यासाठी मार्कांपुरते होते. पुढे कळलं की त्यांच्यावरचा आरोप जुनाच आहे: ही कसरत आहे, कविता नाही. मी बराच काळ या आरोपाच्या बाजूनं होतो. माझ्या कामात मर्यादा रोजच्याच असतात. मेमरी कमी, वेळ कमी, जुना कोड बदलायचा नाही. त्या कुणी हौसेनं घालून घेत नाही. त्यामुळे 'स्वतःला बंधन घाला, सर्जनशील व्हा' हा हल्लीचा सल्ला मला रिकामटेकडा वाटायचा.

मत बदललं ते झॉर्झ पेरेकमुळे. या फ्रेंच लेखकानं १९६९ साली 'ला दिस्पारिस्यों' ही अख्खी कादंबरी 'e' हे अक्षर न वापरता लिहिली. फ्रेंचमध्ये हे अक्षर सगळ्यात जास्त लागतं. गिल्बर्ट अडेअरनं तिचं इंग्रजी भाषांतरही 'e' न वापरता केलं, ते मी वाचलं. आधी वाटलं, हीसुद्धा कसरतच. मग लक्षात आलं की फ्रेंचमधल्या 'आई' आणि 'वडील' या दोन्ही शब्दांत 'e' आहे. पेरेकचे वडील १९४० मध्ये युद्धात मारले गेले. आईला १९४३ मध्ये आउशविट्झला नेलं गेलं. ज्या पुस्तकात सगळे काहीतरी हरवलेलं शोधत असतात, त्यात हे दोन शब्द लिहिताच येत नाहीत. इथे नियम हाच कथेचा विषय आहे.

आपल्याकडे दंडीनं हे फार आधी ओळखलं होतं. 'दशकुमारचरिता'चा सातवा उच्छ्वास निरोष्ठ आहे, कारण तो सांगणाऱ्या मंत्रगुप्ताचे ओठ प्रेयसीच्या दातांनी दुखावलेत. बंधनाला गोष्टीतच कारण आहे, आणि तेही खट्याळ.

मग मोरोपंतांकडे कारण कोणतं? नुसता तर्क करण्यापेक्षा मी एक महिना प्रयोग केला. रोज झोपण्याआधी त्या दिवसाबद्दल चार ओळी, कडक निरोष्ठ. तिसऱ्या दिवशी कळलं की 'मी' लिहिता येत नाही. 'माझं' नाही, 'आम्ही' नाही, 'तू'सुद्धा नाही. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये 'मी काल हे केलं' सांगणाऱ्या माणसाला हे जड गेलं. आणि 'आई' लिहिता येतं, पण 'बाबा' येत नाही. बाबांचा फोन रोज रात्री दहाला येतो आणि दीड मिनिटात संपतो. डायरीत त्याची नोंद मी कधीच केली नसती. आता 'बाबांचा फोन' हे दोन्ही शब्द बंद झाल्यावर असं लिहिलं:

रात्री दहा. त्यांची हाक. 'कसा आहेस?' नंतर शांतता. त्या शांततेत काळजी ऐकली.

कविता म्हणून हे फार मोठं नाही. पण 'बाबांचा फोन आला' असं लिहून मोकळा झालो असतो, तर ती शांतता माझ्या लक्षातही आली नसती.

प्रयोगाचं दुसरं टोकही सांगायला हवं. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे पर्यायी शब्दांची यादी तयार झाली. बाबांसाठी 'तात'. झालं! तिथून पुढच्या ओळी मेल्या. नियम तोच होता, पण तो आता अडवत नव्हता. बंधन सवयीचं झालं की उरते ती खरंच कसरत. तीस दिवसांत ठेवण्यासारखे चारच दिवस निघाले.

म्हणून १०८ हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. निरोष्ठ रामायण एकटं वाचलं तर ते चातुर्य आहे. टीकाकारांचं तेवढं मला आजही मान्य आहे, कारण पेरेकसारखी जखम किंवा दंडीसारखी गंमत त्या नियमामागे मला दिसत नाही. पण मोरोपंत तिथे थांबले नाहीत. गोष्ट तीच ठेवून नियम बदलत राहिले. जपमाळेतही मणी १०८च असतात. सवय होण्याआधी पुढचा मणी. आणि नामजपाच्या परंपरेतल्या माणसानं एका मण्यावर ते नावच उच्चारायचं नाही असं ठरवावं, हे मला आता निव्वळ खेळ वाटत नाही. नाव घेता येत नसेल, तर त्या माणसाबद्दल आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे ते सांगावं लागतं.

परवा बाबांच्या फोनवर मीच विचारलं, 'तुम्ही कसे आहात?' बोलणं चार मिनिटं चाललं.