स्पोलिआरिअम : रिंगणामागची खोली

फिलिपाईन्सची माणसे आता आपल्याला अनोळखी राहिलेली नाहीत. इस्रायलमध्ये वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा करणारी मेटापेलेत पुष्कळदा त्याच देशाची असते. तिचा भात, तिचा रविवार आपल्या घरांच्या परिचयाचा झाला आहे. तिच्या देशातील चित्रकलेविषयी मात्र मराठीत फारसे काही आमच्या वाचनात आलेले नाही. म्हणून तेथील सर्वांत नावाजलेल्या चित्राविषयी, हुआन लुना याच्या ‘स्पोलिआरिअम’विषयी, चार शब्द लिहीत आहोत.

चित्र अवाढव्य आहे. उंची चार मीटरांहून अधिक, रुंदी साडेसात मीटरांहून अधिक. लुनाने ते रोममध्ये रंगविले आणि १८८४ साली माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यास सुवर्णपदक मिळाले. त्याच प्रदर्शनात फेलिक्स इदाल्गो या दुसऱ्या फिलिपिनो चित्रकारास रौप्यपदक मिळाले. त्या वेळी फिलिपाईन्सवर स्पेनचे राज्य होते. राज्यकर्त्यांच्या राजधानीत, राज्यकर्त्यांच्याच शैलीत चित्रे काढून या दोघांनी बाजी मारली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

रोमन लोकांच्या रिंगणात कैदी आणि गुलाम एकमेकांशी झुंजत. जे मरत त्यांना ओढत ज्या खोलीत नेत आणि अंगावरची शस्त्रे व चिलखते उतरवून घेत, ती खोली म्हणजे स्पोलिआरिअम. हा विषय आपल्याला दूरचा नाही. इ. स. ७० साली यरुशलेम पडल्यानंतर तितसने कैसरिया येथे यहुदी कैद्यांना अशाच खेळांत मारविले, असे योसेफसने लिहून ठेवले आहे. कैसरियाचे ते अवशेष पाहण्यास आपण मुलांना घेऊन सहलीस जातो, फोटो काढतो आणि खाऊ खाऊन परत येतो.

लुनाने झुंज रंगविलेली नाही, आणि आमच्या मते चित्राचे सारे मोठेपण येथेच आहे. शूराचा वार नाही, जयघोष नाही. खेळ संपला आहे. मधोमध दोन प्रेते दोरांनी फरफटत नेली जात आहेत. डाव्या बाजूस बघ्यांची गर्दी आहे. उजवीकडे अंधार आहे. तेथे एक म्हातारा उजेड धरून मेलेल्यांत आपले माणूस शोधतो आहे, आणि एक स्त्री फाटक्या वस्त्रानिशी, आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आहे. तिचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. डावीकडची गर्दी आम्हांस थोडी नाटकी वाटते. प्रेते ओढणाऱ्यांचे स्नायू तर कलाशाळेच्या वर्गातून थेट आल्यासारखे दिसतात. पण त्या पाठमोऱ्या स्त्रीवर नजर गेली की ती तेथून हलत नाही.

या चित्रात एकही फिलिपिनो माणूस नाही. तरीही ते त्या राष्ट्राचे चित्र झाले. यास मोठे कारण होसे रिझाल. २५ जून १८८४ रोजी माद्रिदमध्ये दोघा चित्रकारांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तीत रिझाल यांनी भाषण केले. अन्यायाखाली भरडल्या जाणाऱ्या माणसाचे, म्हणजे आपल्याच देशबांधवांचे, हे चित्र आहे असा अर्थ त्यांनी लावला. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने मनिलात रिझाल यांना गोळ्या घातल्या. चित्र मात्र बार्सिलोनाच्या प्रांतिक मंडळाने विकत घेतले होते. स्पेनमधील यादवी युद्धात त्याची खराबी झाली, आणि ते मनिलाला पोहोचले १९५८ साली. आज ते तेथील राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात आहे.

आता एक गोष्ट, जी लुनाचे गोडवे गाणारे घाईघाईने उरकतात. १८९२ साली पॅरिसमध्ये, पत्नीच्या चारित्र्याचा संशय घेऊन, त्याने पत्नी पाझ आणि सासू हुलियाना या दोघींना गोळ्या घालून ठार केले. पुढच्या वर्षी न्यायालयाने त्यास सोडून दिले. मत्सराच्या भरात पुरुषाने बायकोचा जीव घेतला तर त्यास क्षमा, असा तो काळ होता. चित्रकाराच्या पापामुळे चित्र फेकून द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. पण परक्या देशातील बेवारस प्रेतांसाठी ज्याचा जीव कळवळला, त्याच्या घरात दोन स्त्रियांची अशी गत झाली, हे या चित्राविषयी बोलताना गाळू नये. निदान त्यांची नावे तरी घ्यावीत.

लुनानंतरचे मोठे नाव फर्नांडो अमोर्सोलो (१८९२–१९७२) यांचे. फिलिपाईन्सचे पहिले राष्ट्रीय कलावंत तेच. मद्याच्या बाटलीवरचे सैतानाला तुडविणारे देवदूताचे प्रसिद्ध चित्रही त्यांच्याच हातचे! त्यांच्या चित्रांत शेवटी फिलिपिनो माणूस दिसतो. भातलावणी करणाऱ्या बाया, डोक्यावर टोपल्या, आणि आकृतींच्या पाठीमागून येणारे सोनेरी ऊन. हे ऊन रंगविण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. परंतु अलिबाग-पेणकडच्या ज्या आज्यांनी गुडघाभर चिखलात भात लावला, त्यांनी ही चित्रे पाहून काय म्हटले असते? त्या बायांच्या कमरा दुखत नाहीत, लुगड्याला चिखल लागत नाही. लुनाने माणसे परकी घेतली आणि दुःख खरे रंगविले. अमोर्सोलोंनी माणसे आपली घेतली आणि दुःख वगळले.

मात्र दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या ताब्यातील मनिला बेचिराख झाली, तेव्हा याच अमोर्सोलोंनी जळणारी घरे आणि रडणाऱ्या बाया रंगविल्या. त्या चित्रांत सोनेरी ऊन नाही. आम्हांस त्यांची तीच चित्रे अधिक आवडतात.