अकान म्हणींतील भावविचार : संयम की दमन?

प्रास्ताविक

घाना आणि आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकी देशांत वसलेल्या अकान समाजात म्हण हा केवळ भाषेचा अलंकार नाही. न्यायनिवाडा, सभा, कौटुंबिक कलह अशा प्रसंगी तिचा आधार घेतला जातो. बासेल मिशनचे जोहान क्रिस्टालर यांनी १८७९ मध्ये ३,६०० म्हणींचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातून निवड करून आर. एस. रॅट्रे यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच या समाजाला 'रानटी' म्हटले आहे. त्यानंतर शतकभराने, २०१८ मध्ये, व्हिव्हियन झोकोटो व सहकाऱ्यांनी याच समाजाच्या म्हणींतून भावनांचे संकेत व नियमन यांचा मानसशास्त्रीय शोध घेतला. या म्हणी भावना दडपावयास शिकवितात की हाताळावयास, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासला आहे.

भावनेचा देह

अकान भाषेत भावनांची नावे देहावयवांवरून घडलेली आहेत. रागाच्या शब्दात छातीत तण माजण्याची, तर लज्जेच्या शब्दात डोळा मरण्याची प्रतिमा दडलेली आहे. तण माजते, तसेच ते खुरपताही येते; म्हणजे भावना उपजणे हा दोष मानलेला नसून ती वाढू देणे हा दोष मानला आहे, असे या प्रतिमेवरून म्हणता येते. 'राग हा पाहुण्यासारखा आहे, तो एकाच घरी राहत नाही' या म्हणीचा रोखही तोच आहे. राग कोणालाही चुकत नाही. म्हणून रागावलेल्याला हिणविण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही. 'धीराने मुंगी चिरली तर तिची आतडी दिसतात' ही म्हण धीराला केवळ सोशिकपणा न मानता ज्ञानाचे साधन मानते.

लज्जेचे ओझे

मात्र सर्वच म्हणी इतक्या उदार नाहीत. 'बेअब्रू अकान लेकराला शोभत नाही' ही म्हण आत्मसन्मान जागविते. परंतु 'लज्जा आणि मृत्यू यांत मृत्यू बरा' ही म्हण लज्जेला जिवापेक्षा मोठी ठरविते. संकटात सापडलेल्या माणसाच्या कानी ती पडली, तर तिचा परिणाम घातक ठरू शकतो. 'पुरुष रडत नाही' हा संकेतही असाच एकांगी आहे. याउलट क्वाबेना न्केतिया यांनी १९५५ मध्ये अभ्यासलेल्या अंत्यविधीतील शोकगीतांत स्त्रियांच्या दुःखाला सर्वांसमक्ष स्थान आणि रूप मिळते. म्हणजेच येथे भावनेवर सरसकट बंदी नाही. कोणी, कोठे आणि कशी व्यक्त करावी याची वाटणी आहे, आणि ती वाटणी समान नाही.

म्हण हेच साधन

संग्रहातील म्हणींवरून काढलेल्या निष्कर्षांना एक मर्यादा असते. क्वेसी यांका यांनी १९८९ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे म्हणीचा अर्थ वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांतून घडतो. लज्जेविषयीची तीच म्हण उमलत्या वयातील मुलाला सावध करण्यासाठी येऊ शकते, तशीच पराभूताला टोचण्यासाठीही. शिवाय म्हणीच्या आडून तक्रार करता येते. राग बोलला जातो, पण समोरच्याची अब्रू राखली जाते. म्हण भावनेविषयी उपदेश करते, त्याहून अधिक म्हणजे ती स्वतः भावना सुसह्य करणारी वाट बनते. छापील यादीत नेमका हाच व्यापार हरवतो.

समारोप

अकान म्हणींचा भावविचार दमनाचा नाही, तर मुख्यतः अभिव्यक्तीच्या नियमनाचा आहे. भावनेला देह, पाहुणचार आणि वाणी देणारी ही परंपरा 'रानटी' ठरविणाऱ्यांचे अज्ञानच उघड करते. तथापि तिचा गौरव करताना लज्जेचे आणि न रडण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे विचारणे अभ्यासकाला टाळता येणार नाही. म्हणींचे पुढील अध्ययन संग्रहाबरोबरच त्या उच्चारल्या जाण्याच्या प्रसंगांकडे वळले, तरच या प्रश्नाचे विश्वसनीय उत्तर हाती येईल.