गायिकेचे प्रसिद्धिचित्र : अंगविन्यास, प्रकाश आणि प्रतिष्ठा

बेंगळुरूच्या जे. पी. नगरात २०१९ साली सुरू झालेल्या 'इंडियन म्युझिक एक्सपीरिअन्स' या संग्रहालयात भारतीय संगीताचा इतिहास जसा ऐकता येतो तसा पाहताही येतो. आवाज आणि चेहरा यांची ही सांगड आज स्वाभाविक वाटते. पण ती ध्वनिमुद्रणाच्या युगाने घातलेली आहे. मैफलीत गायक श्रोत्यासमोर बसलेला असतो. तबकडी ऐकणाऱ्यासमोर मात्र केवळ आवाज असतो. हा आवाज कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या सूचीतील, जाहिरातीतील वा पोस्टकार्डावरील छायाचित्राने दिले. गायिकांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ ओळखीचा नव्हता, तो प्रतिष्ठेचा होता. म्हणूनच प्रसिद्धिचित्रातील अंगविन्यास व प्रकाशयोजना यांचा विचार सामाजिक अर्थाच्या अंगाने करणे आवश्यक ठरते.

या संदर्भात गौहर जान यांचे उदाहरण मूलभूत आहे. बेंगळुरूचे विक्रम संपत यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रामुळे त्यांच्याविषयीचे कुतूहल नव्याने जागे झाले. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी त्यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या अखेरीस त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात असल्याने तेथील तंत्रज्ञांना ओळख पटावी, हा त्यामागील व्यावहारिक हेतू सांगितला जातो. परंतु परिणामाच्या दृष्टीने ती एक स्वाक्षरीच होती. त्यांची छायाचित्रे हे याच स्वाक्षरीचे दृश्य रूप म्हणता येईल. ऑस्ट्रियात तयार झालेल्या काड्यापेट्यांवरही त्यांची छबी झळकली. म्हणजे जिथे आवाज पोहोचला नाही तिथेही चेहरा पोहोचला.

त्या काळातील छायाचित्रशाळेत उत्तरेकडून काचेच्या छतातून येणारा उजेड पांढऱ्या पडद्यांनी सौम्य केला जाई. अशा प्रकाशात चेहऱ्यावरील सावल्या विरघळतात, जरी व दागिने मात्र उठून दिसतात. कोरड्या काचपट्ट्या प्रचारात आल्यावर दीर्घकाळ निश्चल बसण्याची गरज उरली नव्हती. तरीही निश्चल, मिटल्या ओठांचा अंगविन्यास टिकून राहिला. गाणारी स्त्री गाताना दाखवली जात नाही, ही या चित्रांतील सर्वांत लक्षणीय बाब होय. उघडे तोंड, ताणलेली मान, कपाळावरची आठी या गायनाच्या श्रमाच्या खुणा वगळून उरते ती वैभवाची मूर्ती. मुद्रणाच्या प्रत्येक वेळी गौहर जान नवा पोशाख व नवे दागिने घालून येत, असे गैसबर्ग यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. ज्या मुद्रणात केवळ आवाज उतरणार, त्यासाठी केलेला हा साज पाहता आपल्या दृश्यप्रतिमेची त्यांना किती स्पष्ट जाण होती, हे लक्षात येते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला हिराबाई बडोदेकर यांची प्रतिमा ठेवण्याचा प्रघात मराठी संगीतविषयक लेखनात आहे. १९२०च्या दशकात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या हिराबाई म्हटल्या की दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, ताठ बैठक आणि हातवाऱ्यांचा संयम ही वैशिष्ट्ये सांगितली जातात. हा साधेपणा 'नैसर्गिक' आणि गौहर जान यांचा थाट 'प्रदर्शन' असे मानले जाते. ही विभागणी तपासून पाहिली पाहिजे. कलावंतिणीच्या परंपरेकडे संशयाने पाहणाऱ्या मध्यमवर्गासमोर बसताना पदराची प्रत्येक चुणी अर्थपूर्ण होती. साधेपणा हाही एक अंगविन्यासच होता आणि त्यालाही तितक्याच सावध रचनेची गरज होती. एकीने राजदरबाराच्या भाषेत मान मागितला, दुसरीने गृहस्थी घराच्या भाषेत. समीक्षकाने दुसरी भाषा हीच सत्य मानली, तर ज्या नैतिक निवाड्याला तोंड देण्यासाठी ही रचना झाली, त्याच निवाड्यावर तो नकळत शिक्कामोर्तब करतो.

गंगूबाई हनगल यांच्या बाबतीत छायाचित्राचे कार्य आणखी वेगळे आहे. १९३०च्या दशकात त्यांच्या आरंभीच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने निघाल्या. पुढे घशाच्या विकारावरील उपचारानंतर त्यांचा आवाज खर्जाकडे झुकला. केवळ ध्वनी ऐकणाऱ्याला तो पुरुषाचा वाटावा असा. ठसठशीत कुंकू, नाकातील चमकी आणि नऊवारी वा साधे पातळ यांसह दिसणारी त्यांची मूर्ती हा आवाज आणि ही व्यक्ती यांच्यात दुवा सांधते. येथे चित्र आवाजाची जाहिरात करण्याबरोबरच त्याचे स्पष्टीकरणही देते.

विजेचे दिवे व वेगवान फिती आल्यावर मैफलीतील छायाचित्रालाच प्रसिद्धिचित्राचे स्थान मिळाले. एका बाजूने पडणारा प्रखर प्रकाश आणि मागचा काळोख यांतून चिंतनमग्न कलावंताची प्रतिमा घडली. भीमसेन जोशी यांचा तानेच्या वेळी वाकडा झालेला चेहरा आणि हवेत उंचावलेला हात हे तर त्यांच्या गायकीचे चिन्हच बनले. श्रम दाखवण्याची ही मुभा पुरुष गायकाला सहज लाभली. गायिकेच्या तशाच चेहऱ्याला प्रसिद्धिपत्रकावर यायला अधिक काळ लागला. शिवाय ज्या काळोखाने मुख्य कलावंताला उठाव दिला, त्याच काळोखात तानपुऱ्यावरचे व तबल्यावरचे हात नाहीसे झाले.

गौहर जान यांनी अखेरचा काळ म्हैसूर दरबाराच्या आश्रयाने घालवला आणि १७ जानेवारी १९३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या वैभवाची छायाचित्रे आजही पुनःपुन्हा छापली जातात. उतरत्या काळातील त्यांचा चेहरा मात्र लोकस्मृतीत जवळजवळ नाही. प्रसिद्धिचित्र केवळ यशाचा क्षण जपते, आणि इतिहास त्याच क्षणालाच संपूर्ण जीवन समजू लागतो. म्हणून अशा चित्रासमोर उभे राहताना प्रकाश कोठून येतो याबरोबरच तो कोठे पोहोचू दिलेला नाही, हेही पाहिले पाहिजे.