दिसणारे आणि खरे

शोधयंत्राच्या यादीत आपले पान वर यावे यासाठी लोक काय खटपटी करतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी मांडलेली कल्पना साधी होती : ज्या पानाचा हवाला इतर महत्त्वाची पाने देतात, ते पान वर. साहजिकच काहींनी खोटे दुवे जोडले, एकच शब्द पानभर पेरला. आता कृत्रिम बुद्धिमत्ता अनेक पाने वाचून स्वतःच उत्तर लिहिते. त्यामुळे चढाओढ क्रमांकापेक्षा उत्तरात उल्लेख होण्यासाठी सुरू झाली आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आयआयटी आदी संस्थांतील संशोधकांनी २०२३ मध्ये याविषयी निबंध लिहिला. दहा हजार प्रश्नांच्या संचावर त्यांनी निरनिराळ्या युक्त्या तपासल्या. शब्दपेरणीचा उपयोग झाला नाही. अवतरणे, आकडेवारी व संदर्भ घातल्यावर मात्र पानाची दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढली. प्रयोगाची आखणी नेटकी आहे. तरी एक उणीव आम्हांस खटकते. मोजली गेली ती दृश्यता. घातलेला आकडा खरा की बनावट, हा प्रश्न त्या मोजणीत येतच नाही.

याचा अर्थ जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या उदाहरणाने पाहू. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि अंबड तालुक्यातील हे गाव देशाला माहीत झाले. पुढे गावाविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी आंदोलनाचे. नावही कुठे 'अंतरवाली', तर कुठे 'आंतरवाली'. एखाद्या विद्यार्थ्याने तिथली माती, विहिरी, पीकपद्धती यांविषयी विचारले, तर यंत्राला वाचायला मजकूर तुटपुंजाच. अशा ठिकाणी कोणी मनचे आकडे घालून एक पान लिहिले, तर तेच उत्तर म्हणून पुढे येऊ शकते. पुष्कळ पाने असली की विसंगती उघडी पडते. एकच असले तर ताडून पाहायचे कशाशी?

म्हणून शिक्षकांना आमची सूचना आहे. यंत्राने आकडा दिला की मुलांनी विचारावे : हा कोणी, केव्हा, कसा मोजला? आणि आपल्या गावची विहीर व पाऊस मुलांनीच मोजून, तारीख व पद्धतीसह मराठीत लिहून ठेवावे. मग पडताळायला निदान एक खरी नोंद हाताशी राहील.