उपकाराचा काटा

परक्या घरी आश्रयाला राहिलेले एकाकी मूल, त्याच्या हाती आलेला एखादा जखमी प्राणी, नाताळची थंडी आणि अखेरीस दोघांना एकमेकांच्या सहवासात लाभलेली ऊब, हा कथाबंध बालवाङ्मयात चांगलाच रुळलेला आहे. वाचकाचे डोळे ओलावण्याचे त्याचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो निराळाच. या कथेतील जखम खरोखर प्राण्याची असते काय? बहुधा ती मुलाच्या दुःखापुढे धरलेला आरसा असते. मूल प्राण्याला बरे करते, प्राणी त्या उपकाराची फेड प्रेमाने करतो आणि लेखक हिशेब पुरा करून मोकळा होतो. प्रेमाला असे हिशेबाचे रूप आले की भावनेची भावविवशता होते. कारण जे मुळात अनिश्चित आहे ते तेथे आधीच निश्चित मानलेले असते.

ज्या लेखकाने हा हिशेब मोडून दाखविला त्याची आठवण जबलपूरच्या अधारतालात राहणाऱ्यास सहज व्हावी. राणी दुर्गावतीचा मंत्री आधारसिंह याच्या नावाच्या या तलावाच्या परिसरात १९६४ साली कृषी विश्वविद्यालय उभे राहिले. त्याचे अंग असलेल्या पशुवैद्यक महाविद्यालयातून २००९ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ निर्माण झाले, आणि वन्यपशूंच्या आरोग्याचे शास्त्र आज या शहरात शिकविले जाते. येथून नागपूरकडे जाणारा रस्ता ज्या सिवनीवरून जातो, तिच्याच डोंगरांत रड्यर्ड किपलिंगने मोगलीला वाढविले. किपलिंग स्वतः तेथे कधी गेला नव्हता. स्टर्नडेलच्या १८७७ मधील सातपुड्यावरील ग्रंथाचा त्याला मोठा आधार झाला.

लांडग्यांनी मुले वाढविल्याच्या हकीकती १८५२ साली प्रसिद्ध करणारा स्लीमन हाही जबलपूरशीच निगडित. सुलतानपूरजवळ सापडलेल्या एका मुलाविषयी तो सांगतो की, त्याच्या पात्रात एक गावठी कुत्रा जेवत असे. मुलाचे अन्न तोच खातो या समजुतीने त्या कुत्र्याला ठार केले, तेव्हा मुलाला त्याचे काहीच वाटले नाही. या हकीकतींच्या सत्यतेविषयी आज शंका घेतली जाते. परंतु सोबत म्हणजे स्नेह नव्हे, एवढे या नोंदीवरून ध्यानात घेण्यासारखे आहे.

किपलिंगला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मलेल्या या मुलाचे पहिले जग म्हणजे वाटेवरच्या क्रुसाशी त्याला शेजारी घेऊन प्रार्थना करणारी रोमन कॅथलिक आया आणि त्याला देवळांत नेणारा हिंदू नोकर मीता. १८७१ मध्ये आईवडिलांनी त्याला व त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडात साउथसी येथे पैसे देऊन परक्या कुटुंबात ठेविले. तेथील जाच १८७७ पर्यंत चालला. १८८८ मधील ‘बा बा, ब्लॅक शीप’ या कथेत आणि मृत्यूनंतर १९३७ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात त्याने तो नोंदविला आहे. वर्षातून एकदा, डिसेंबरात, मावशीच्या लंडनमधील घरी त्याला महिनाभर सुख मिळे. त्या घराच्या दाराशी असलेली घंटेची लोखंडी ओढणी त्याने पुढे मागून घेऊन आपल्या घराला लावली. इतर मुलांनाही ती वाजविताना आनंद व्हावा, अशी त्याची इच्छा होती. मोगलीची कल्पना त्याला सुचली ती १८९२ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये, पहिल्या अपत्याची वाट पाहत असताना. नाताळचा हा काळ त्याच्या आयुष्यात पोरकेपणाला लागून आलेला आहे.

आता मोगलीकडे पाहावे. तो लांडग्यांच्या पायांत रुतलेले काटे काढतो. रूढ कथाबंधाप्रमाणे येथून स्नेहाची हमी सुरू व्हावयास हवी. प्रत्यक्षात बगीरा त्याला उलटेच समजावून सांगतो: तुझ्या नजरेला त्यांची नजर भिडत नाही, तू शहाणा आहेस आणि तू त्यांच्या पायांतले काटे काढलेस, म्हणूनच ते तुझा द्वेष करतात. ज्याने आपली जखम पाहिली, त्याच्यासमोर आपण दुबळे ठरलो, ही जाणीव उपकृताला सलते. पायातला काटा निघतो, उपकाराचा राहतो. जे मूल ‘आम्ही तुला ठेवून घेतले’ हे रोज ऐकत वाढले, त्यालाच हे सत्य आतून कळू शकते. ज्या लेखकाला प्राण्याकडून कृतज्ञता हवी असते, तो नकळत पालकगृहातील त्या कठोर बाईच्याच बाजूला जाऊन बसतो.

याच ग्रंथातील ‘रिक्की-टिक्की-टावी’ शेजारी ठेविली म्हणजे भेद उघड होतो. पुरात वाहून आलेल्या अर्धमेल्या मुंगुसाला कापसात गुंडाळून जगविले जाते आणि ते नाग व नागिणीला मारून ऋण चुकते करते. कथा अत्यंत रंजक आहे. पण तिच्यातील टेडी एकाकी नाही, त्याचे आईवडील त्याच्याजवळ आहेत. फेडीची सुखद कथा किपलिंगने सनाथ मुलाला दिली. पोरक्याच्या वाट्याला मात्र सभाशिला आणि गावाची वेस, दोहोंकडून हद्दपारी दिली.

किपलिंगची साम्राज्यनिष्ठा जंगलाच्या कायद्यातही उतरली आहे, हा आक्षेप मान्य करावयास हवा. तथापि काट्याचा हा प्रसंग त्या कायद्याच्या चौकटीत बसत नाही. कायद्याने मोगली टोळीचा आहे. मनाने टोळी त्याला स्वीकारीत नाही.

तर मग माणूस व जखमी प्राणी यांच्यामधील स्नेह वाङ्मयात खरा होऊच शकत नाही काय? महादेवी वर्मा यांच्या ‘मेरा परिवार’ (१९७२) मधील ‘गिल्लू’ याचे उत्तर देते. कावळ्यांनी टोचलेल्या खारीच्या पिलाला लेखिका वाचविते. पण पुढे ते जाळीतून बाहेर पाहू लागते, तेव्हा खिळे काढून जाळीचा एक कोपरा मोकळा करते. गिल्लू दिवसभर बाहेर राहतो आणि चार वाजता आपण होऊन परत येतो. लेखिका आजारी असताना तो तिच्या उशाशी बसतो, हे हृद्य आहेच. परंतु त्याला अर्थ येतो तो उघड्या कोपऱ्यामुळे. मराठीत विलास मनोहर यांच्या ‘नेगल’मध्ये हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांनी सांभाळलेल्या प्राण्यांची हकीकत आहे. तेथेही पालक प्रौढ आहे आणि त्याला स्वतःच्या घरातील जागेची भ्रांत नाही.

पोरक्या मुलाची गोष्ट याहून अवघड आहे. ज्याचे स्वतःचेच घर उसने आहे त्याने दुसऱ्याला मोकळे सोडावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. जखम बरी झालेला प्राणी निघून जाईल, ही शक्यता जी कथा शेवटपर्यंत जिवंत ठेवते आणि तरीही मुलाला काटा काढू देते, तीच या विषयाला न्याय देते. नाताळच्या रात्री प्राणी थांबला तर ते सुख. तो थांबणारच असे लेखकाने आधी ठरविले असेल, तर ते मुलालाही दिलेले खोटे आश्वासन होय.