‘यांपैकी एक सोडून सर्व’: पिस्तुलाच्या परीक्षेतले प्रश्न

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज जरा वेगळी प्रश्नपत्रिका वाचायची आहे. आपल्याकडे एमपीएससीच्या प्रश्नांवर किती वाद होतात, ते तुम्ही बघता. पहिली उत्तरतालिका येते, हरकती जातात, मग काही प्रश्न रद्द होतात. पण त्या प्रश्नाची चूक झाली तर कुणाची तरी पोस्ट जाते. मी आज ज्या परीक्षेबद्दल बोलणार आहे, तिथे पास झालेला माणूस बंदूक घेऊन घरी जातो.

परीक्षा कॅलिफोर्नियाची. तिथे बंदूक विकत घ्यायची तर ‘फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट’ लागतं. २०१५ च्या आधी हे फक्त हँडगनसाठी होतं, म्हणजे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर. १ जानेवारी २०१५ पासून ते सगळ्या बंदुकांना लागू झालं. लेखी परीक्षा तीस प्रश्नांची. काही बहुपर्यायी, काही चूक की बरोबर. पंचाहत्तर टक्के म्हणजे तेवीस प्रश्न बरोबर आले की पास. फी पंचवीस डॉलर, प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. परीक्षा घेतो तो सरकारमान्य प्रशिक्षक, आणि तो बहुतेक वेळा बंदुकीच्या दुकानातच असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

मला यात रस का वाटला? सॅन होजेला आमचे एक स्नेही आहेत, पेशाने इंजिनीअर. ते या परीक्षेत पहिल्या खेपेला नापास झाले. बावीस आले. एका मार्काने! (हशा) दुसऱ्या दिवशी परत बसले आणि पास झाले. फोनवर मला म्हणाले, “अरे, मला बंदुकीबद्दल कालपेक्षा आज काहीही जास्त कळत नाही. मला फक्त प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं कळलंय.” मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या आणि तपासल्या. त्यामुळे हे वाक्य मला लागलं.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. खऱ्या परीक्षेतले प्रश्न मी इथे वाचून दाखवणार नाही, ते योग्यही नाही. मी जे नमुने देतोय ते माझे आहेत. दोष मात्र अशा परीक्षांत जगभर दिसणारे आहेत.

पहिला नमुना ऐका. ‘बंदूक हाताळताना पुढीलपैकी एक सोडून सर्व गोष्टी टाळाव्यात. ती एक कोणती? अ: पाण्याच्या पृष्ठभागावर गोळी झाडणे. ब: आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे. क: चेंबर तपासल्याशिवाय बंदूक दुसऱ्याच्या हातात न देणे.’

सांगा उत्तर. (सभागृहात कुजबुज) बघा, तुम्ही सगळे शिकलेले लोक, आणि तरी बोटं मोजताय. ‘टाळाव्यात’, त्यातून ‘सोडून’, त्यात ‘तपासल्याशिवाय’, त्यावर ‘न देणे’. चार गाठी आहेत. उत्तर क आहे. पण ते काढताना तुम्ही बंदुकीचा विचार केला का? नाही, तुम्ही व्याकरण सोडवलंत. पाण्यावर झाडलेली गोळी उसळून भलतीकडे जाते, हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, हे ज्याला पक्कं माहीत आहे तो इथे चुकू शकतो. आणि ज्याला काही माहीत नाही पण कोडी सोडवण्याची सवय आहे, तो पार होतो. परीक्षाशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर हा प्रश्न जे मोजायचं ते मोजत नाही.

हे मी नवीन सांगत नाहीये. थॉमस हॅलाडिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुपर्यायी प्रश्न कसे लिहावेत, यावरची पाठ्यपुस्तकं आणि संशोधन चाळून २००२ मध्ये एकतीस मार्गदर्शक तत्त्वं मांडली. नकारार्थी प्रश्न टाळा, अगदीच लागला तर नकार ठळक करा, हे त्यांत आहे. ‘वरील सर्व’ टाळा, हेही आहे. म्हणजे दुखणं जुनं आणि औषधही जुनं. प्रश्न काढणाऱ्याला मात्र ‘एक सोडून सर्व’ फार सोयीचं पडतं. पुस्तिकेतली यादी उचलायची, तीन मुद्दे तसेच ठेवायचे, चौथा उलटा करायचा, झाला प्रश्न. चुकीचे पण पटण्याजोगे तीन पर्याय शोधायचे कष्ट वाचतात. (हशा) हसू नका, मीही हे केलंय.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे, तो शब्दाच्या अर्थाचा. ‘लोडेड’ हा शब्द घ्या. मराठीत आपण सरळ म्हणतो, भरलेली बंदूक. सुरक्षेचा पहिला नियम काय? प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीने रिकामी बंदूक नावाची वस्तूच नाही. पण कायद्याच्या दृष्टीने आहे. आणि कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत ‘लोडेड’चे संदर्भानुसार वेगवेगळे अर्थ आहेत. एका ठिकाणी काडतूस बंदुकीत किंवा बंदुकीला जोडलेलं असेल तर ती भरलेली. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या इराद्याने बंदूक बाळगण्याच्या कलमात, बंदूक आणि तिला चालणारी काडतुसं एकाच माणसाच्या हाताशी असली तरी ती भरलेली धरतात. काडतूस खिशात, बंदूक कमरेला, तरी भरलेली!

आता याच परीक्षेत सुरक्षाही विचारायची आहे आणि कायदाही. कायद्यानेच तसे विषय ठरवून दिले आहेत: हाताळणी, साठवण, खरेदी-विक्रीचे नियम, स्वसंरक्षणात प्राणघातक बळ कधी वापरता येतं, घरात बंदूक आणण्याचे धोके. मग ‘बंदूक भरलेली नसेल तर अमुक करता येते, चूक की बरोबर?’ असा प्रश्न आला, तर उमेदवाराने कुठली टोपी घालायची? सुरक्षेची घातली तर उत्तर ‘चूक’, कायद्याची घातली तर ‘बरोबर’. दोघेही शहाणे, एक नापास. यावर उपाय चार शब्दांचा आहे हो. ‘कायद्यानुसार’ किंवा ‘सुरक्षेच्या नियमांनुसार’ एवढं प्रश्नाच्या सुरुवातीला लिहा.

आमच्या इंजिनीअर स्नेह्यांचं भांडण याच जातीचं होतं. त्यांना प्रश्न नेमका आठवत नव्हता, भांडण मात्र आठवत होतं. विषय असा: मॅगझिन काढून घेतलं की पिस्तूल चालू शकत नाही, चूक की बरोबर? परीक्षेला हवं असलेलं उत्तर ‘चूक’ आणि ते फार महत्त्वाचं आहे. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहिलेलं असू शकतं. ‘मी तर मॅगझिन काढलं होतं’ हे वाक्य अपघातानंतर बोललं जातं. पण आमचे स्नेही म्हणाले, काही पिस्तुलांत मॅगझिन बाहेर असताना चाप ओढला तरी गोळी सुटत नाही, तशी यंत्रणाच असते. आणि गंमत म्हणजे खुद्द कॅलिफोर्नियाने २००७ पासून नव्या सेंटरफायर पिस्तुलांना आपल्या यादीत घेण्यासाठी या यंत्रणेची अट घातली. पुढे त्यावर कोर्टबाजी झाली, तो वेगळा विषय. म्हणजे सरकार एका हाताने ती यंत्रणा सक्तीची करतं आणि दुसऱ्या हाताने असा प्रश्न विचारू शकतं, ज्यात ती यंत्रणा माहीत असलेला माणूस अडखळेल.

मी त्यांना म्हटलं, तुमचं तांत्रिक म्हणणं बरोबर, पण चुकलात तुम्हीच. कारण यंत्रणेवर विसंबायचं नाही, हाच तर धडा आहे. मग प्रश्न तसा विचारा ना! असा विचारता येईल: ‘पिस्तूल रिकामं करताना एकाने आधी स्लाइड मागे ओढून सोडली आणि मग मॅगझिन काढलं. आता चेंबरमध्ये काय असू शकतं?’ यात ‘नाही’ कुठेच नाही. चूक-बरोबर नाही. स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते, हे डोळ्यांसमोर आणावंच लागतं. ज्याला ते दिसतं तो पास व्हावा.

तिसरी जागा स्वसंरक्षणाची. इथे चूक-बरोबर प्रश्न मला सरळ धोकादायक वाटतात. ‘कोणी जबरदस्तीने घरात घुसला तर त्याच्यावर गोळी झाडणे कायदेशीर आहे.’ चूक की बरोबर? कॅलिफोर्नियात कायदा असं धरून चालतो की बेकायदा आणि बळजबरीने घरात घुसलेल्या परक्या माणसासमोर घरमालकाला जिवाची वाजवी भीती वाटली. पण हे गृहीतक आहे, पुराव्याने ते खोडता येतं. घुसलेला माणूस पळत असेल तर? दारूच्या नशेत दार चुकलेला शेजारी असेल तर? वकील दोन दोन तास यावर बोलतात आणि आपण उमेदवाराला एक चौकोन देतो. ‘बरोबर’ खूण केली तर तो माणूस परवानगी शिकला. ‘चूक’ केली तर त्याने आपला हक्कच नाही असा समज करून घेतला. दोन्हींतलं जे शिकेल ते तो पाच वर्षं डोक्यात बाळगेल, आणि रात्री दोन वाजता दार वाजलं की तेच आठवेल. इथे प्रसंग द्या, चार ओळींचा द्या, आणि ‘सर्वांत सुरक्षित पाऊल कोणतं’ असं विचारा. वाचायला वेळ लागेल. लागू द्या.

आता थोडं गणित. एखाद्याला तीसपैकी सोळा प्रश्न पक्के येतात. म्हणजे जेमतेम निम्मा विषय. उरले चौदा, त्यातले सात लागायला हवेत. ते सगळे चूक-बरोबर असतील आणि त्याने नाणं उडवून उत्तरं दिली, तर तो पास होण्याची शक्यता साधारण साठ टक्के. तेच चौदा प्रश्न चार पर्यायांचे असतील तर शक्यता चार टक्क्यांच्या आत येते. साठ आणि चार! पर्यायही चारच लागतात असं नाही, तीन चांगले पर्याय पुरतात, असं रॉड्रिग्ज यांच्या २००५ च्या अभ्यासातून दिसतं. भरतीचा चौथा पर्याय कोणी निवडत नाही.

आणखी एक. सात चुका चालतात, पण कुठल्या सात? घरातल्या बंदुकीच्या साठवणीचे सगळे प्रश्न चुकले आणि खरेदीच्या कागदपत्रांचे सगळे बरोबर आले, तरी पास. हाताळणीचं प्रात्यक्षिक तिथे वेगळं द्यावं लागतं, हे खरं. पण बंदूक मुलाच्या हाती लागू नये म्हणून ती कुठे ठेवायची, हे प्रात्यक्षिकात कळत नाही. आणि तिथल्या साठवणीच्या कायद्यात ‘मूल’ म्हणजे अठरा वर्षांखालचं कोणीही. आपण ‘मूल’ म्हटलं की चार वर्षांचा बाळ्या डोळ्यांसमोर येतो. सतरा वर्षांचा, वडिलांइतकाच उंच आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत असलेला मुलगा येत नाही. प्रश्नात वय घातलं की झालं काम.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण अमेरिकेत बरेच लोक म्हणतात की अशी परीक्षाच नको, तो घटनेने दिलेला हक्क आहे. मग प्रश्न सुधारून काय होणार?)

चांगला मुद्दा आहे. तो वाद मी इथे सोडवू शकत नाही. पण बघा, एक बाजू म्हणते ही परीक्षा म्हणजे अडवणूक, दुसरी म्हणते ही परीक्षा म्हणजे नुसती औपचारिकता. वाईट प्रश्न दोघांनाही खरं ठरवतो. जाणकाराला शब्दांत अडकवतो, म्हणजे अडवणूक झाली. अजाणत्याला नाण्यावर सोडतो, म्हणजे औपचारिकता झाली. आणि दुकानाचं काय? समोरच्या गिऱ्हाइकाला बंदूक विकायची आहे, तोच परीक्षा घेतोय. मी कुणाच्या सचोटीवर शंका घेत नाही. पण प्रश्न धड नसला की परीक्षकाला ‘अहो, म्हणजे इथे त्यांना असं विचारायचंय’ असं समजावून सांगावंच लागतं. आणि समजावणं कुठे संपतं, उत्तर सांगणं कुठे सुरू होतं? प्रश्न स्वच्छ असेल तर तोंड उघडायची वेळच येत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: इंग्रजी न येणाऱ्यांनी काय करायचं?)

परीक्षा इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये आहे. दोन्ही वाचता येत नसतील तर दुभाष्यामार्फत तोंडी देता येते. समजा, मुलाकडे राहायला गेलेल्या एखाद्या काकांसाठी कोणी मराठीत दुभाषा म्हणून बसला. इंग्रजीत ‘एक्सेप्ट’ हा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, बहुतेकदा मोठ्या अक्षरांत. मराठीत तो ‘सोडून’ होऊन वाक्याच्या पोटात जातो, आणि तोंडी बोलताना मोठी अक्षरं नसतात. काका ‘सोडून’ विसरतात, यादीतलं पहिलं वाईट काम निवडतात आणि चुकतात. मघाचा माझा पहिला नमुना घरी जाऊन आईला मोठ्याने वाचून दाखवा. ती दुसऱ्यांदा वाचायला सांगेल. तिसऱ्यांदा वाचाल तेव्हा तुम्हीच शब्द बदलाल, आणि तो बदललेला प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा चांगला असेल.