साथीदाराचा विनोद

ची ताय हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाला आधी कुणाची तरी ताई आठवेल! पण हा गृहस्थ व्हिएतनामी. पूर्ण नाव न्गुयेन ची ताय. जन्म 15 ऑगस्ट 1958, सायगाव. मृत्यू 9 डिसेंबर 2020, त्याच शहरात. मधली बरीच वर्षे अमेरिकेत गेली. पेशाने आधी गिटारवादक, संगीतकार आणि संयोजक. 'ची ताय ब्रदर्स' हा त्याचा वाद्यवृंद अमेरिकेतल्या व्हिएतनामी मंडळींना परिचयाचा होता. चाळिशीच्या सुमारास तो विनोदी प्रहसनांकडे वळला आणि ह्वाय लिन् या नटाबरोबर त्याची अशी जोडी जमली की पुढे लोक त्याला विनोदी नट म्हणूनच ओळखू लागले. आपल्या मंडळाच्या पुरवणीत त्याची दखल कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर शेवटी आपल्यापाशीच येऊन पोचते.

वादकाने विनोदाकडे वळणे आपल्याला नवलाचे वाटू नये. पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण घरचेच आहे. 1953 सालच्या 'गुळाचा गणपति'चे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका, सारे त्यांचेच. त्याच चित्रपटात भीमसेन जोशी त्यांच्या चालीवर गायले. पेटीवर बसलेल्या माणसाला गवयाच्या तोंडाकडे बघत, तो समेवर कधी येणार याचा अंदाज घेत बसावे लागते. 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगवताना पु.लं.नी योग्य जागी जो श्वास घेतला, तो याच तालमीतून आला असावा, असे मला नेहमी वाटते. हशा पिकल्यावर पुढचे वाक्य किती वेळाने टाकायचे, हे कागदावर लिहून ठेवता येत नाही. त्याला लयीचा कानच लागतो.

ची तायच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट दिसते. त्याचे कसब मुख्यतः साथीदाराचे. ह्वाय लिन् चपळ, आवाज बदलणारा, प्रांताप्रांतांच्या बोलींची नक्कल करणारा. त्याच्यासमोर कुणीतरी पाय रोवून उभे राहायला हवे, टोमणे झेलायला हवेत, हशा ओसरेपर्यंत गप्प बसायला हवे. हे काम ची ताय करी. संयोजकाचेही तेच काम असते. गायकाला जागा करून द्यायची, पोकळी दिसली तर भरायची आणि टाळ्या त्याला मिळू द्यायच्या. त्यातून व्हिएतनामी ही स्वरभेदांची भाषा. एकच अक्षर वेगळ्या सुरात उच्चारले की अर्थ बदलतो. अशा भाषेतल्या विनोदाला संगीतकाराचा कान म्हणजे भांडवलच.

मर्यादाही सांगायला हव्यात. पु.लं.चा विनोद पुस्तकातही टिकतो. अंतू बर्वा रत्नागिरी न पाहिलेल्यालाही भेटतो. ची तायचे सारे काम प्रयोगात आणि ध्वनिचित्रफितीत राहिले. जोडीचा विनोद जोडीशिवाय पांगळा होतो. ही प्रहसने घरातली भांडणे, सासर-माहेर, नवऱ्याची फजिती अशा ठरलेल्या वाटांनी जातात. त्यांत नवा विचार शोधायला गेलात तर निराशा होईल. मात्र दिवसभर परक्या भाषेत जबाबदारीने बोलून दमलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या भाषेत निर्धास्तपणे हसता यावे, ही गरज लहान नाही. ती भागवणाऱ्याला केवळ 'हलकेफुलके' म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल.

आता मुख्य मुद्दा. एका वादकाला नट होण्यासाठी जे व्यासपीठ लागते, ते आले कुठून? 30 एप्रिल 1975 रोजी सायगाव पडले आणि त्या वर्षी सुमारे सव्वा लाख व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले. परतीची वाट बंद, तिकडून नवे काही येण्याची सोय नाही. तेव्हा त्यांनी आपली करमणूक इथेच घडवली. 'पॅरिस बाय नाइट' ही फितींची मालिका 1983 साली पॅरिसमध्ये सुरू झाली आणि पुढे तिचे बस्तान कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत, वेस्टमिन्स्टरच्या 'लिटल सायगाव' परिसरात बसले. तशाच आणखी संस्था उभ्या राहिल्या. या कार्यक्रमांत गाणी आणि प्रहसने एकामागून एक येत. वादक आणि नट एकाच पडद्यामागे उभे असत. त्यामुळे गिटार ठेवून दोन पावले पुढे येणे ची तायला शक्य झाले. याच फिती चोरवाटेने व्हिएतनाममध्येही पोचत.

त्या समाजाची दुखणीही याच दुकानांत उघडी पडत. 1999 साली वेस्टमिन्स्टरमधल्या एका व्हिडिओ-दुकानदाराने हो ची मिन्हची तसबीर लावली, तर हजारो लोक आठवडेच्या आठवडे निदर्शने करत होते. अमेरिकेने 1995 साली व्हिएतनामशी राजनैतिक संबंध जोडले. 2004 साली तिथल्या सत्ताधारी पक्षाने परदेशस्थांना जवळ करण्याचा ठराव केला आणि अनेक कलावंत मायदेशी जाऊन काम करू लागले. इथल्या जुन्या पिढीला ते रुचणारे नव्हते. ची तायही गेला, तिथे चित्रपटांत आणि दूरदर्शनवर लोकप्रिय झाला. गायिका असलेली पत्नी मात्र अमेरिकेतच होती. मेंदूच्या आघाताने तो गेला तेव्हा सायगावात चाहत्यांनी गर्दी केली आणि मग पत्नीच्या इच्छेनुसार त्याचे पार्थिव अमेरिकेत आणण्यात आले. दोन्ही देशांना तो आपला वाटला, हे भाग्य थोड्यांनाच लाभते.

आपली गोष्ट वेगळी. आपण विमानाने आलो, दर दोन-तीन वर्षांनी जाऊन येतो. पुण्या-मुंबईहून कॅसेटी आल्या, नाटके आली, पु.लं.चा आवाज मोटारीत आपल्याबरोबर हिंडला. मायदेशाचे दार उघडे होते, म्हणून इथे चूल मांडावी लागली नाही. आजही अधिवेशनाची मोठी रात्र बहुधा तिकडून आलेल्या कलाकारांची असते. ते हवेच आहे. पण त्यांच्या विनोदात आपले घरकर्ज नसते, बर्फ उपसणे नसते, आजीला मराठीत उत्तर देताना अडखळणारी नात नसते. ह्या गोष्टींवर आपण स्वयंपाकघरात हसतो; रंगमंचावर क्वचितच.

बोलीच्या विनोदाला बोली ओळखणारा कान लागतो. आपल्या मुलांना वऱ्हाडी आणि मालवणीतला फरक कळला नाही तर दोष त्यांचा नाही. पण त्यांचे स्वतःचे अडखळते मराठीसुद्धा एक बोलीच आहे आणि तिच्यात विनोदाला भरपूर जागा आहे. प्रत्येक मंडळात एखादा तबलजी, एखादी पेटीवाली असतेच. गणेशोत्सवात त्यांना गाण्याच्या साथीला बसवतो, तसे एकदा पंधरा मिनिटांच्या प्रहसनात उभे करून पाहावे. लिहिणारे आपल्यातलेच असावेत, विषय इथलाच असावा. पहिला प्रयोग फसेलही. ची तायला प्रेक्षकांसमोर वारंवार उभे राहायला मिळाले म्हणून तो घडला. आपल्या मुलांना तेवढी संधी द्यायची की नाही, हे येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत ठरवता येईल.